एसएल किती मिळतात, आणि माझा खाडा

तू विचारलंस : "ताई, श्टुटगार्टजवळच्या कंपनीची ऑफर आलीय. नवरा आणि आठ वर्षांची मुलगी बरोबर येणार. एचआरला विचारायला संकोच वाटतो, पण तिकडे वर्षाला एसएल किती मिळतात? प्रोबेशनमध्ये आजारी पडले तर पगार कापतात का? आणि खूप एकटं वाटतं का?"

दोन ओळींत उत्तर देऊन उठणार होते. कुकर लावला, परत येऊन बसले, आणि आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत.

वर्षाला एसएल, म्हणजे आजारपणाच्या रजा, किती, हा प्रश्नच इथे जर्मनीत लागू होत नाही. सीएल, एसएल, पीएल असा हिशोब नाही, शिल्लक नाही, मार्चअखेर संपवून टाका अशी घाई नाही. डॉक्टर म्हणाला तू कामाला योग्य नाहीस, की नाहीस. एका आजारासाठी सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार कंपनी देते. त्यापुढे आरोग्य विमा कंपनी, म्हणजे क्रांककासे, क्रांकनगेल्ड, म्हणजे आजारपणाचा भत्ता, देते. तो एकूण पगाराच्या 70 टक्के असतो, पण हातात पडणाऱ्या पगाराच्या 90 टक्क्यांच्या वर जात नाही. एकाच आजारासाठी तीन वर्षांत 78 आठवड्यांपर्यंत मिळतो आणि त्यात आधीचे सहा आठवडेही धरलेले असतात. हे सगळं तुला सरकारी साइटवर इंग्रजीतही सापडेल, मी लिहिण्यात अर्थ नाही. एवढंच लक्षात ठेव की नोकरीच्या पहिल्या चार आठवड्यांत आजारी पडलीस तर कंपनीला पगार देणं बंधनकारक नाही, तेव्हाही क्रांककासेकडेच जायचं. म्हणून विम्याचं कार्ड येवो न येवो, नोंदणी पहिल्या दिवसाच्या आधी झालेली असू दे.

साइटवर जे सापडणार नाही ते सांगते.

माझे बाबा पिंपरीत कामगार होते. घरात ईएसआयचं कार्ड होतं, डब्यात, रेशनकार्डाखाली. ते कार्ड बाहेर निघालेलं मला फार आठवत नाही. ताप असला की क्रोसीन, वर आल्याचा चहा, आणि पहाटे पहिल्या पाळीला हजर. "खाडा नको" हे वाक्य आमच्या घरात देवाच्या आरतीसारखं रोज म्हटलं जायचं. आता माझा चुलतभाऊ चाकणला ठेकेदाराकडे आहे. त्याचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला, आणि दोन-तीन झाले की माणूसच बदलला. तू हिंजवडीतली असशील, तुझा खाडा एक्सेलमध्ये पडतो, पण भीती तीच. ही भीती आपण सामानात भरून आणतो. तेवीस किलोच्या मर्यादेत ती मोजली जात नाही.

2016 मध्ये मी इथे आले. प्रोबेत्साइट, म्हणजे प्रोबेशन, सहा महिन्यांचा, त्यातल्या तिसऱ्या महिन्यात सडकून ताप आला. मी गोळी घेऊन ऑफिसला गेले. वाटलं, बघतील, म्हणतील किती निष्ठावान. टीम लीडने माझ्याकडे पाहिलं, खुर्ची दोन फूट मागे घेतली, आणि म्हणाला की घरी जा, आणि उद्या येऊ नकोस. मला वाटलं काढून टाकलं. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसून रडले. त्याच्या मनात एवढंच होतं की ही बाई सगळ्या टीमला आजारी पाडणार. इथे आजारपणात कामावर येणं हा शिष्टाचाराचा भंग आहे, जसं आपल्याकडे चपला घालून देवघरात जाणं. दुसऱ्या दिवशी मेल आला, दोन शब्दांचा : "गुटे बेसेरुंग." लवकर बरी हो. कुणीही विचारलं नाही काय झालंय. विचारायचं नसतंच. तुला काय झालंय हे कंपनीला कळत नाही, कागदावर फक्त तारखा असतात. आपण मात्र जुलाबापासून सुरुवात करून सगळं सांगत बसतो. सांगू नकोस.

पण प्रोबेत्साइटबद्दल गोड बोलणार नाही. पहिल्या सहा महिन्यांत दोन आठवड्यांची नोटीस देऊन, कारण न सांगता काढू शकतात, आणि तू त्या वेळी आजारी असलीस तरी काढू शकतात. आजारपणात काढता येत नाही, असं इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी ठासून सांगेल. चूक आहे. सहा महिन्यांनंतर, आणि कंपनीत दहापेक्षा जास्त माणसं असतील तर, खरं संरक्षण सुरू होतं. नोटीस आलीच तर तीन आठवड्यांच्या आत कामगार न्यायालयात जावं लागतं. चौथ्या आठवड्यात कितीही खरी असलीस तरी उपयोग नाही.

कामाच्या दोन गोष्टी. आल्या आल्या घराजवळ हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, शोध. आजारी पडल्यावर शोधू म्हणशील तर फोनवर उत्तर येईल की नवीन पेशंट घेत नाही. ओळखीचा डॉक्टर असेल तर साध्या आजारासाठी फोनवरूनही पाच दिवसांपर्यंतची चिठ्ठी मिळते, 2023 च्या डिसेंबरपासून ही सोय कायमची झाली. आणि करारात बघ, चिठ्ठी कितव्या दिवसापासून मागितलीय. कायद्याने तीन दिवसांपेक्षा जास्त आजारी असलीस तर चौथ्या दिवशी लागते, पण कंपनी पहिल्या दिवसापासूनही मागू शकते.

दुसरी गोष्ट भारतातल्या सुट्टीची. सुट्टीत आजारी पडलीस आणि डॉक्टरची चिठ्ठी असली तर तेवढी सुट्टी परत मिळते. हे ऐकून मला हसू आलं होतं. मग 2018 ला चिंचवडला गेले असताना डेंग्यू झाला. आमच्या जुन्या डॉक्टरांनी पॅडवर लिहून दिलं, "डेंग्यू फीव्हर, अॅडव्हाइज्ड रेस्ट." इथल्या एचआरने परत पाठवलं. आजारी आहे हे पुरेसं नाही, *काम करण्यास असमर्थ*, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, असं हवं. शिवाय मी भारतात कुठल्या पत्त्यावर आहे तेही लगेच कळवायला हवं होतं. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "अगं, डेंग्यूत कोण काम करतं? वेगळं लिहायला कशाला हवं?" बरोबरच होतं त्यांचं. शेवटी त्यांनी लिहून दिलं, वर सही, शिक्का, आणि खाली स्वतःहून "गॉड ब्लेस". एचआरला ते चाललं.

आता जे मी लिहिणार नव्हते ते.

18 नोव्हेंबर 2019, सोमवार. सकाळी मोजे घालायला वाकले आणि सरळ झालेच नाही. कमरेतली गादी सरकलेली. पुढचे अकरा आठवडे मी जमिनीवर पाठ टेकून, पाय खुर्चीवर ठेवून काढले. आमच्या त्या फ्लॅटच्या छताला एक तडा आहे, गोदावरीच्या नकाशासारखा, त्याच्या सगळ्या उपनद्या मला पाठ आहेत. आईचा फोन आला की मी मोबाईल असा धरायचे की मागे छत दिसू नये. आईला सांगितलं नव्हतं.

29 डिसेंबरला सहा आठवडे संपले, 30 पासून क्रांकनगेल्ड. चिठ्ठी तेव्हा पिवळ्या कागदाची होती, एक प्रत कंपनीला, एक क्रांककासेला, आपणच पोचवायची. 2023 पासून कंपनीच ती ऑनलाइन ओढून घेते, तुझी ती कटकट वाचली. पण एक कटकट अजून आहे, ती नीट वाच. चिठ्ठी ज्या दिवशी संपते त्याच्या पुढच्या कामाच्या दिवशी नवी चिठ्ठी झालीच पाहिजे. माझी 3 जानेवारीला, शुक्रवारी संपली. शनिवार, रविवार, आणि सोमवारी 6 तारखेला इथे तीन राजांची सुट्टी. मंगळवारी माझा दवाखाना बंद होता, दारावर दुसऱ्या डॉक्टरचा नंबर लावलेला. नवऱ्याने फोटो काढून आणला. मी म्हटलं, एका दिवसाने काय होतंय, बुधवारी आपल्याच डॉक्टरकडे जाऊ. शनिवार ते मंगळवार, चार दिवसांचे पैसे गेले. रक्कम सोड, पत्राचा सूर लागला. त्यात कुणी रागावलेलं नव्हतं. नियमाचं कलम, तारीख, नमस्कार. पुढच्या वर्षी आणखी एक गंमत कळली, क्रांकनगेल्डवर कर नसतो, पण तो धरून कराचा दर वाढतो, आणि विवरणपत्र भरावंच लागतं. बाजूला थोडे पैसे ठेव.

त्याच जानेवारीत कंपनीचं एक पत्र आलं. बारा महिन्यांत सहा आठवड्यांहून जास्त आजारपण झालं की ते येतंच, परत कामावर कसं आणता येईल याच्या बैठकीचं आमंत्रण असतं. मी मोबाईलवर भाषांतर केलं, दोन शब्द उलटे लागले, आणि रात्रभर मी ब्लू कार्ड (नोकरीवर मिळालेला इथे राहण्याचा परवाना), घरभाडं, मुलीची शाळा मोजत पडले. ते नोकरी घालवण्याचं पत्र नव्हतं, टिकवण्याचं होतं. तुला आलं तर आधी बेट्रीब्सराटला, म्हणजे कंपनीतल्या कामगार प्रतिनिधींना फोन कर. त्या बैठकीमुळेच मी फेब्रुवारीत हामबुर्ग मॉडेलवर परतले : पहिले दोन आठवडे रोज दोन तास, मग चार, मग सहा. त्या काळात कागदोपत्री तू आजारीच असतेस आणि पैसे क्रांककासेकडून येतात.

त्या बैठकीत मी बोलता बोलता म्हटलं, दहा-अकरा आठवडे घराबाहेर पडले नाही, डॉक्टर सोडून कुठेच नाही, मुलीच्या शाळेतसुद्धा नाही. बेट्रीब्सराटच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "का?" मी म्हटलं, आजारी रजेवर आहे ना, कुणी पाहिलं तर? त्या म्हणाल्या, तू आजारी होतीस, कैदेत नव्हतीस. बरं होण्याच्या आड येत नाही ते सगळं करता येतं. फिरायला जाता येतं, दुकानात जाता येतं. शाळेत तर येतंच.

माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. इथे चौथीतच ठरतं, पुढे गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जायचं, रेआलशूलेला, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या शाळेत, की आणखी कुठे. जानेवारीच्या शेवटी बाईंनी त्यासाठी पालकांना बोलावलं होतं. मी हळूहळू चालू शकत होते तेव्हा. शाळा घरापासून आठ मिनिटांवर. पण त्याच रस्त्यावर माझा एक सहकारी राहतो. मी गेले नाही. नवरा गेला, एटूचं, म्हणजे कामचलाऊ प्राथमिक, जर्मन घेऊन. बाई छान बोलल्या म्हणाला. मुलगी हुशार आहे, शांत आहे, घरी जर्मन नाही, रेआलशूलेत तिला ताण येणार नाही. तो "या, या", म्हणजे हो, हो, म्हणाला आणि सही करून आला. चौथीत तिला गणितात 1 होता, म्हणजे इथली सगळ्यात वरची श्रेणी.

शिफारस तेव्हा बंधनकारक नव्हतीच. 2012 पासून इथे, श्टुटगार्टच्या राज्यात, अंतिम निर्णय आईबापांचा होता, आणि ते त्याच कागदावर छापलेलं होतं, दुसऱ्या पानावर. मला कधी कळलं? सप्टेंबरमध्ये. त्या वर्षी मंडळाचा गणपती झूमवर होता, आरतीनंतर कुणीतरी सहज म्हणालं, "आम्ही नाही ऐकलं शाळेचं, सरळ गिम्नाझियममध्ये घातला." मी कॅमेरा बंद केला.

तिचं काही बिघडलेलं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर लोक मला समजावायला येतील. ती आता दहावीत आहे, श्वाबी बोलीत आम्हाला चिडवते, पुढे तीन वर्षांच्या व्यावसायिक गिम्नाझियममधून आबिटूर, म्हणजे इथली बारावीसारखी परीक्षा, करणार म्हणते, तो रस्ता खुला आहे. तिला मी हे सांगितलं तेव्हा तिने खांदे उडवले (इथली मुलं आईला 'मामा' म्हणतात) : "मामा, तिथे लॅटिन असतं." म्हणजे माझ्याशिवाय हे कुणालाच बोचत नाही.

बाबांनी आयुष्यात खाडा होऊ दिला नाही. मी हक्काची रजा पगारासकट घेतली, आणि खाडा भलत्याच ठिकाणी पाडला.

तुझ्या वेळी नियम बदललेत. 2024-25 पासून गिम्नाझियमसाठी तुझ्या इच्छेला शिफारशीची किंवा चौथीतल्या कोम्पास फिअर चाचणीची जोड लागते, दोन्ही नसलं तर आणखी एक परीक्षा. तुझी मुलगी आधी बहुधा भाषेच्या तयारीवर्गात बसेल, म्हणजे वेळ थोडाच आहे. मुलगी आजारी पडली तर तुला आणि नवऱ्याला प्रत्येकी वर्षाला 15 दिवस मिळतात, पण घरी दुसरं कुणी सांभाळायला नसेल तरच. नवरा घरी असला तर तुला नाही. आणि पगार जास्त आहे म्हणून कुणी स्वस्त खाजगी विमा गळ्यात मारू लागला तर थांब. मुलगी त्यात गेली की या दिवसांचे पैसे गेले, आणि सहा आठवड्यांनंतरचं क्रांकनगेल्डही वेगळं विकत घ्यावं लागतं.

एकटेपणाचं विचारलं होतंस. असतो. सवय होते. 

मॅक्सम्युलर भवनच्या क्लासला तू जातेयस असं लिहिलंयस, ते चांगलंच. नवऱ्याचं जर्मन कुठवर आलंय ते कळव.