लोक पैशाच्या बाबतीत चुका करतात हे सगळ्यांना माहीतच होतं, मग रिचर्ड थेलर यांना नोबेल कशाबद्दल मिळालं?

तुम्ही विचारलंय की माणसं पैशाच्या बाबतीत वेड्यासारखी वागतात हे कुणाच्याही आजीला ठाऊक असतं, मग २०१७ साली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांना अर्थशास्त्राचं नोबेल त्यासाठी द्यायची काय गरज होती? अर्थशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला वर्गातही ऐकावा लागतो, आणि प्रश्न रास्त आहे.

आजीला ठाऊक होतं तसं अर्थशास्त्रज्ञांनाही ठाऊक होतं. त्यांचा युक्तिवाद वेगळा होता. ते म्हणत, चुका होतात, पण त्या विखुरलेल्या असतात. कुणी जास्त मोजतो, कुणी कमी. हजारो लोकांची बेरीज केली की चुकांची आपसात वजाबाकी होऊन जाते आणि उरलंसुरलं बाजार निस्तरतो. त्यामुळे सिद्धांत मांडताना माणूस पक्का हिशेबी धरला तरी बिघडत नाही. थेलर यांनी हात घातला तो नेमका इथे. त्यांचं म्हणणं, चुका विखुरलेल्या नसतात, त्या एकाच बाजूला कलतात. आणि कल माहीत असेल तर कोण कुठे चुकणार याचा अंदाज आधीच बांधता येतो.

याची सुरुवात रॉचेस्टर विद्यापीठात झाली. तिथून त्यांनी १९७४ मध्ये पीएचडी केली. मार्गदर्शक शेर्विन रोझेन, विषय माणसाच्या जिवाची किंमत. जोखमीच्या नोकऱ्यांना पगार किती जास्त मिळतो, यावरून ती काढायची, असं रीतसर आकडेमोडीचं काम होतं. पण थेलर यांनी त्याच्या जोडीला लोकांना थेट दोन प्रश्न विचारले. तुमच्यावर हजारात एक असा मृत्यूचा धोका आलाय, तो टाळायला किती द्याल? आणि तेवढाच धोका आपणहून पत्करायचा तर किती घ्याल? सिद्धांताप्रमाणे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. उत्तरं यायची ती टाळायला दोन हजार डॉलर, पत्करायला पाच लाख, अशा थाटाची. रोझेन यांनी सांगितलं, यात वेळ घालवू नकोस, प्रबंधाचं बघ. थेलर यांनी प्रबंध पुरा केला, पण सिद्धांतात न बसणाऱ्या अशा वागण्यांची यादी आपल्या खोलीतल्या फळ्यावर लिहायला घेतली.

यादी म्हणजे संशोधन नव्हे. ते वळण आलं १९७७-७८ मध्ये स्टॅनफर्डला, डॅनियल कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांच्या सहवासात. माणसाला शंभर मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख बरंच जास्त होतं, हे त्यांनी मांडलं होतं. त्या एका कल्पनेने थेलर यांच्या यादीतल्या कितीतरी नोंदींचा उलगडा होत होता. जिवाच्या प्रश्नाचाही, कारण तिथे एका बाजूला पैसे जाणार होते आणि दुसऱ्या बाजूला सुरक्षितता.

आता तुमच्या आजीच्या प्रश्नाला खरं उत्तर देणारा प्रयोग. कानमन, जॅक नेच आणि थेलर यांचा, १९९० साली प्रसिद्ध झालेला. कॉर्नेल विद्यापीठातले ४४ विद्यार्थी. त्यांच्यापैकी निम्म्यांना, एकाआड एक, विद्यापीठाचं चिन्ह असलेला कॉफीचा मग फुकट दिला. दुकानात तो सहा डॉलरला मिळत असे. नंतर बाजार मांडला: ज्यांच्याकडे आहे त्यांनी विकावा, ज्यांच्याकडे नाही त्यांनी घ्यावा. हे कॉफीचे मग वाटले गेले ते नुसते बसल्या जागेवरून, म्हणजे मगाची जास्त आवड असणारे दोन्ही गटांत सारखेच असणार. तेव्हा २२ पैकी सुमारे ११ मग हात बदलायला हवेत. चार फेऱ्या झाल्या. सौदे झाले ४, १, २ आणि २. विकणाऱ्यांची मधली अपेक्षा सव्वापाच डॉलर, तर घेणाऱ्यांची तयारी सव्वादोन ते पावणेतीन.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते मगाच्या आधी केलेलं काम. मुलांना बाजार कळलाच नसेल, घासाघीस करायची म्हणून मुद्दाम फुगवून सांगत असतील, अशी शंका कुणीही काढली असती. म्हणून त्यांनी आधी त्याच मुलांकडून त्याच नियमांनी टोकनची खरेदी-विक्री करून घेतली. कुणाला टोकनमागे किती पैसे मिळणार ते आधीच ठरवून दिलेलं. तिथे सौदे अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झाले! बाजार तोच, माणसं तीच, बदललं ते एवढंच की वस्तू ‘माझी’ झाली. आजीला हे जाणवलं असेल, पण टोकनची फेरी तिने लावली नसती. नोबेल आहे ते टोकनच्या फेरीत, असं मी तरी म्हणेन.

‘बाजार निस्तरतो’ या भागावरही त्यांनी काम केलं. वेर्नर डी बॉन्ट यांच्याबरोबरच्या १९८५ च्या अभ्यासात, आधीची काही वर्षं सपाटून मार खाल्लेल्या अमेरिकन शेअरनी पुढच्या तीन वर्षांत बाजारापेक्षा सरासरी १९.६ टक्के जास्त कमावलं, आणि आधीचे विजेते सुमारे ५ टक्के मागे पडले. बाजाराने चुका निस्तरल्या असत्या तर असा आधीच ओळखता येणारा फरक उरला नसता. यावर वाद मात्र अजून मिटलेला नाही. १९९५ मध्ये थेलर शिकागो विद्यापीठात गेले, म्हणजे बाजार कार्यक्षम असतो, तिथल्या किमती बरोबरच असतात, असं मानणाऱ्यांच्या बालेकिल्ल्यातच.

पण कल ओळखता येतो याचा खरा फायदा दिसला तो निवृत्तीच्या बचतीत. श्लोमो बेनार्त्झी यांच्यासोबत त्यांनी एक योजना आखली. बचत आज वाढवायची नाही, पुढची पगारवाढ झाली की वाढवायची, म्हणजे हातात येणारी रक्कम कमी झाल्याचं दुःख नाही. होकार मात्र आजच द्यायचा, कारण उद्याच्या त्यागाला माणूस पटकन तयार होतो. एकदा नाव घातलं की वाढ आपोआप होत राहणार. बाहेर पडायची मुभा आहे, पण त्यासाठी हालचाल करावी लागते, आणि ती आपण टाळतो. ज्या कंपनीत हे पहिल्यांदा राबवलं तिथे सामील झालेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. आळसच कामाला लावला!

आता दुसरी बाजू, कारण या विषयाचे भक्त फार झालेत. अशा हलक्या ढकलण्याला ‘नज’ म्हणतात आणि २०१० मध्ये ब्रिटिश सरकारने त्यासाठी खास पथकच काढलं. पुढे स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ मध्ये ताळा केला. संशोधनपत्रिकांत छापलेल्या प्रयोगांत सरासरी परिणाम ८.७ टक्के अंकांचा (म्हणजे शंभरातल्या आणखी आठ-नऊ जणांनी सुचवलेलं केलं), तर अमेरिकेतल्या दोन मोठ्या पथकांनी प्रत्यक्ष केलेल्या प्रयोगांत फक्त १.४. फरकाचं मोठं कारण असं की चमकदार निकाल छापून येतात आणि फिके कपाटात राहतात. एका पत्राने लाखोंच्या वागण्यात दीड टक्का फरक पडत असेल तर तेही वाईट नाही, पण कुणी नजने देश बदलण्याच्या गोष्टी सांगू लागला तर हा आकडा पुढे करा.

या क्षेत्रात जायचा विचार असेल तर आधी नेहमीचं सूक्ष्म अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र घट्ट करा. ‘११ सौदे व्हायला हवेत’ हे कळल्याशिवाय २ सौद्यांचं आश्चर्य वाटत नाही. आणि वाचायला सुरुवात थेलर यांनी १९८७ पासून ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक पर्स्पेक्टिव्ह्ज’मध्ये लिहिलेल्या ‘अनॉमलीज’ या सदरापासून करा. लेख छोटे आहेत, गणित फारसं नाही, आणि पत्रिकेच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.