बस्टर कीटन शाळेत गेला नाही, मग मी डिप्लोमा कशाला करू?

पत्र : माझा मुलगा साडेसतरा वर्षांचा. पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षात आहे. मार्क बरे पडतात, पण वर्षभरापासून मूकपटातला अमेरिकन विनोदी नट बस्टर कीटन याचं वेड लागलंय. त्याच्यासारखाच न हसता पडायचे-धडपडायचे रील्स करतो, लोक बघतातही. माळ्यावरून गादीवर उडी मारताना मनगट दुखावलं, दोन महिने झाले तरी दुखतं म्हणतो. आता डिप्लोमा सोडायचा म्हणून हट्ट धरलाय. काही बोललं की 'कीटन आयुष्यात एकच दिवस शाळेत गेला होता' हे उत्तर तयार. त्याचे वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आहेत, ते त्याच्याशी बोलणंच टाकून बसलेत. त्यात एका कंपनीने तीन वर्षांचा करार पाठवलाय, महिना अठरा हजार. शेवटच्या पानाचा फोटो सोबत जोडते. सही करू का?
– एक आई, सांगली जिल्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

करिअरचं नंतर बघू, आधी त्या मनगटाचा एक्स-रे काढून घ्या. दोन महिने दुखणारं मनगट म्हणजे नुसती मुरगळ नसूही शकते. 'काही होत नाही गं आई' असं तो म्हणेल, तेव्हा त्याला त्याच्या गुरूचीच हकीकत ऐकवा. 1924 च्या 'शेरलॉक ज्युनिअर'मध्ये कीटन मालगाडीच्या टपावरून पळतो आणि इंजिनात पाणी भरायच्या नळाला लोंबकळतो. नळातून पाण्याचा लोंढा असा कोसळला की तो खाली रुळांवर आदळला आणि मान रुळावर आपटली. काही दिवस डोकं भयंकर दुखलं, पण काम थांबवलं नाही. कित्येक वर्षांनी डॉक्टरांनी भलत्याच कारणासाठी एक्स-रे काढला, तेव्हा मानेचा मणका मोडून आपोआप जुळलेला दिसला. नशीब बलवत्तर म्हणून निभावलं. तुमच्या मुलाला पडण्याचंच काम करायचं असेल, तर हाडं हेच त्याचं भांडवल. ते जपायची सवय त्याने आतापासूनच लावून घ्यावी.

आता शाळेचं. एकच दिवस शाळेत गेलो, हे कीटन स्वतःच सांगत असे. पण ती पळवाट नव्हती, मजबुरी होती. त्याचा जन्म 1895 चा, कॅन्सस राज्यातल्या पिक्वा नावाच्या खेड्यातला. आईवडील व्होडव्हिलचे, म्हणजे गाणी-नकला-कसरतींच्या रंगमंचीय खेळांचे फिरते कलावंत, आज या गावात तर उद्या त्या. शाळकरी वय व्हायच्या आतच पोरगं रंगमंचावर उभं केलं गेलं. 'थ्री कीटन्स' हा त्यांचा खेळ. खेळ कसला, बाप पोराला उचलून नेपथ्यावर, कधी वादकांच्या खड्ड्यात फेकायचा आणि प्रेक्षक हसून बेजार व्हायचे. पकडायला सोपं जावं म्हणून त्याच्या कपड्याला पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली होती. मुलांच्या छळाविरुद्ध काम करणारी न्यूयॉर्कची संस्था या कुटुंबाच्या मागे लागली, अंगावर वळ आहेत का हे बघायला पोराचे कपडे उतरवून तपासणी झाली, न्यूयॉर्कमध्ये काही काळ खेळावर बंदीही आली. आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात, हे त्या पोराला तिथेच उमगलं आणि तो दगडी चेहरा तिथेच घडला. 1917 मध्ये बापाच्या दारूपायी खेळ मोडला, तेव्हा बस्टर एकवीस वर्षांचा होता. म्हणजे सोळा-सतरा वर्षं, रोज, भरल्या थिएटरात शिकवणी. त्याला 'शाळेत न गेलेला' म्हणणं मला तरी पटत नाही. तुमच्या चिरंजीवांना विचारा, माळ्यावरून गादीवर अशा किती उड्या झाल्या आणि त्या बघून चूक सांगणारं माणूस कोण होतं.

पण ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. मुलगा मेकॅनिकलला आहे आणि त्याला कीटन आवडतो, हा मला योगायोग वाटत नाही. चॅप्लिन आवडणारी मुलं मला बरीच भेटतात. कीटनवर जीव जडतो तो बहुतेक वेळा यंत्र उघडून बघणाऱ्या मुलाचा.

कीटन कुटुंब उन्हाळ्यात मिशिगनमधल्या मस्किगनजवळ, नटमंडळींच्या वसाहतीत राहायचं. तिथे एका शेजाऱ्याच्या परसातला संडास येणारे-जाणारे उपरे लोक खुशाल वापरायचे. पोरगेल्या बस्टरने त्यावर तोड काढली. संडासाच्या भिंतींना बिजागऱ्या आणि स्प्रिंगा बसवल्या आणि एक दोरी घरापर्यंत नेली. उपरा आत जाऊन बसला की घरातून दोरी ओढायची, चारी भिंती चार दिशांना आडव्या. आत बसलेल्याचं काय होत असेल ते तुम्हीच बघा!

ही भिंत त्याने पुढे सोडलीच नाही. 1919 च्या 'बॅकस्टेज'मध्ये नाटकाच्या नेपथ्यातली हलकी भिंत कोसळते आणि खाली उभा असलेला त्या काळचा मोठा विनोदी नट रॉस्को आर्बकल नेमका खिडकीच्या भोकातून वाचतो. 1920 च्या 'वन वीक'मध्ये घराची भिंत खुद्द कीटनवर पडते, पुन्हा खिडकीतून सुटका. आणि 1928 च्या 'स्टीमबोट बिल ज्युनिअर'मध्ये वादळात अख्ख्या घराची, जवळजवळ दोन टनांची दर्शनी भिंत कोसळते. माळ्याची उघडी खिडकी त्याच्या अंगाभोवतून खाली जाते, मध्ये फट जेमतेम काही इंचांची. तो जागचा हलत नाही. रीलवर लोक हा शेवटचा तुकडा बघतात आणि 'काय डेरिंग' म्हणतात. मला त्यात दिसतात त्या मोजमापाच्या फूटपट्ट्या, बिजागऱ्या आणि आधीची नऊ वर्षं. (घरी याची नक्कल करायची नाही, हे सांगायला नकोच. तरी सांगतो. पत्र्याची शेडसुद्धा नको.)

कॅमेऱ्याचंही तेच. 1917 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रंगमंचीय कार्यक्रमात त्याला आठवड्याला 250 डॉलर मिळणार होते. त्याच सुमारास आर्बकलने त्याला आपल्या स्टुडिओत बोलावलं. तिथे पहिल्याच भेटीत कीटनने कॅमेरा उसना मागितला, खोलीवर नेऊन त्याचे सगळे भाग सुटे केले आणि पुन्हा जोडले. मग 250 डॉलर सोडून आठवड्याला 40 डॉलरवर सिनेमात आला. घरात हा आकडा मोठ्याने वाचा. शिकायला मिळतंय म्हणून कमी पैसे घेणं म्हणजे काय, ते यात आहे. आपल्याकडे कोल्हापुरात साधारण त्याच काळात बाबूराव पेंटर कॅमेराच स्वतः घडवत होते. तेव्हा सिनेमावाला आणि मिस्तरी यांच्यात आपण आज मानतो तेवढी भिंत नव्हतीच.

वडिलांना माझा निरोप सांगा. एका रविवारी त्यांनी मुलाशेजारी बसून 'द जनरल' बघावा. 1926 चा आहे, इंटरनेटवर सहज मिळतो, बोललेले संवाद नाहीत, मधूनमधून इंग्रजी पाट्या येतात तेवढ्याच, त्यामुळे भाषेचीही फारशी अडचण नाही. वाफेच्या इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर कीटन खिन्न होऊन बसतो, इंजिन सुरू होतं आणि दांड्याबरोबर तोही वर-खाली होत जातो. बघायला किती साधं! पण इंजिन सुटताना वाफ जरा जास्त झाली आणि चाकं जागच्या जागी गरकन फिरली असती, तर तो दांड्याबरोबर भिरकावला गेला असता. वर्कशॉपमधल्या माणसाला हे मी समजावून सांगायला नको. आणखी एक जागा आहे. इंजिनाच्या पुढच्या जाळीवर तो लाकडी स्लीपर कवटाळून बसलाय आणि समोर रुळांवर दुसरा स्लीपर आडवा पडलाय. हातातला स्लीपर तो नेमका त्याच्या टोकावर टाकतो आणि दोन्ही उडून रुळाबाहेर. तरफेचा नियम याहून चांगला शिकवलेला मी पाहिला नाही. बापलेकांचं बोलणं 'तुझं भविष्य' या विषयावरून सुरू होणार नाही, पण 'हे कसं केलं असेल' यावरून होऊ शकेल.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. दुसरं वर्ष चालू आहे, एकच वर्ष राहिलंय. डिप्लोमा पुरा करावा. 'हाताशी काहीतरी असू दे' या नेहमीच्या भीतीपोटी मी हे सांगत नाही. हे शिक्षण त्याच्या कामाचंच आहे. मशीन ड्रॉइंग, वेल्डिंग, कप्पी, मोटर या गोष्टी येणारा विनोदी नट दुर्मीळ. रंगमंचामागे आणि सिनेमाच्या सेटवर अशा माणसाला कायम काम असतं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला पडणारी भिंत करता येईल का, हे त्याने सरांना विचारून बघावं. छोट्या मापात, थर्माकोलची.

त्यातही व्यवहाराचा भाग आहे. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेला किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला जायचं म्हटलं, तर पदवी लागते. डिप्लोमा अर्धवट सोडून ते दार उघडत नाही, नुसत्या डिप्लोम्यानेही नाही. पुढे पदवीसाठी दोन-तीन वाटा आहेत. इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकाचं शिक्षण आहे. नोकरी करत पदवी घ्यायची तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. अटी दरवर्षीच्या माहितीपत्रकात बघा, सांगोवांगीवर जाऊ नका. माझं मत विचाराल तर कुठल्याही शाखेची पदवी घेताना पुण्यात असणं फायद्याचं. पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या नाट्यस्पर्धांच्या तालमीत मुलं जे शिकतात ते वर्गात मिळत नाही. फिरोदियात तर नाटकासोबत हरतऱ्हेच्या कला रंगमंचावर आणायला वाव असतो, म्हणजे याच्यासारख्याची चंगळच.

ते होईल तेव्हा होईल. आजपासून काय? पडायला शिकायचं असेल तर ज्युदोच्या वर्गाला घाला, अर्थात मनगट बरं झाल्यावर. तिथे पहिले कित्येक आठवडे पडणंच शिकवतात. मल्लखांबाची सोय असेल तर उत्तम, सांगलीकडे तालमींनाही तोटा नाही. जवळपास तमाशाचा फड आला तर सोंगाड्याकडे नीट बघायला सांगा. वाक्याआधीचा थांबा, मान वळवायची वेळ, समोरच्याचं वाक्य पडू न देणं, हे सगळं तिथे उघड्यावर मांडलेलं असतं.

आता करार. याबाबतीत मात्र तुमचा मुलगा कीटनचा चाहता असून त्याने कीटनच्या आयुष्याचं निम्मं पान वाचलेलंच नाही.

1920 ते 1928 या काळात कीटनने जे केलं ते त्याच्या स्वतःच्या मंडळींसोबत, स्वतःच्या मर्जीने. कंपनीला नाव त्याचं होतं, पण मालकी नव्हती. ती निर्माता जोसेफ शेंकच्या हाती, आणि हा शेंक नात्यातला, कीटनच्या मेहुणीचा नवरा. 'द जनरल'मध्ये खरं इंजिन जळत्या पुलावरून नदीत पाडलं, त्या एका शॉटला 42,000 डॉलर लागले, आणि सिनेमा तिकीटबारीवर आपटला. 1928 मध्ये शेंकने त्याला एमजीएम या बड्या स्टुडिओकडे जायला सांगितलं. तिथे सगळ्यात वरच्या खुर्चीत शेंकचा सख्खा भाऊ. चॅप्लिन आणि मूकपटांतलाच दुसरा विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड या दोघांनीही जाऊ नको म्हणून बजावलं होतं. पण घरचा माणूस सांगतोय, आठवड्याला 3,000 डॉलर मिळतायत, कीटनने सही केली. पुढे तो याला आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणत राहिला.

त्याचं कामच त्याच्या हातून गेलं. त्याची जमलेली माणसं पांगली, गोष्ट दुसऱ्यांनी लिहायची, जोखमीच्या उड्या बंद. बोलपट आले म्हणून कीटन संपला असं सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. त्याचे सुरुवातीचे बोलपट चांगले चालले, पैसे आले. तो खचला ते बाकीच्या गोष्टींनी. दारू वाढली, 1932 मध्ये घटस्फोट झाला, 1933 मध्ये एमजीएमने काढून टाकलं. काही वर्षांनी त्याच एमजीएममध्ये तो आठवड्याला 100 डॉलरवर दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी विनोद सुचवत होता. तिथून तो सावरला, हेही मुलाला माहीत असू द्या. 1940 मध्ये एलिनॉर नॉरिसशी लग्न केलं आणि ते टिकलं, पॅरिसच्या सर्कशीत काम केलं, टीव्ही केला, 1960 मध्ये मानाचं ऑस्कर मिळालं. 1966 मध्ये गेला तोवर काम चालूच होतं. लॉइडचे बहुतेक सिनेमे मात्र लॉइडच्याच मालकीचे राहिले.

तुम्ही पाठवलेल्या पानावर सहीची जागा पालकांची आहे. साहजिकच आहे, अठराच्या आतल्या मुलाने केलेला करार आपल्या कायद्यात टिकत नाही. म्हणजे जबाबदारी तुमच्यावर येते. अठरा हजार वाईट नाहीत, पण चार गोष्टी लेखी आल्याशिवाय पेन उचलू नका. आधीच्या आणि पुढच्या व्हिडिओंची मालकी कुणाची? तीन वर्षांत तो कॉलेजच्या नाटकात किंवा दुसरीकडे काम करू शकतो का? शूटिंगमध्ये लागलं तर खर्च आणि विमा कुणाकडे? आणि मध्येच सोडायचं ठरलं तर किती दिवसांची नोटीस, किती दंड? 'तोंडी सांगितलंय हो, काळजी करू नका' असं कुणी म्हटलं, मग तो तुमचा भाऊ का असेना, तरी नाहीच म्हणा.

सांगलीतल्याच एखाद्या वकिलाला दाखवा, फी जाईल पण ती सत्कारणी लागेल. मलाही पाठवा, पण पूर्ण करार पाठवा. फोटो फक्त शेवटच्या पानाचा आहे आणि त्याच्या कोपऱ्यात '7 पैकी 7' छापलंय. तुमच्याकडे सहा पानं आलीच नसतील तर आधी ती मागवून घ्या.