विटेब्स्कच्या घरांवरून चालणारा म्हातारा

प्रश्न : मी जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. ज्यू चित्रकार मार्क शागाल यांचे ‘विटेब्स्कवरून’ हे त्यांच्या गावाचे चित्र वर्गात दाखवले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की यात बर्फाचा रस्ता आहे, चर्च आहे आणि पाठीवर झोळी, हातात काठी घेतलेला एक म्हातारा आकाशातून चालला आहे. मग हे ज्यू जीवनाचे चित्र कसे? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. हीच मुलगी आता आपल्या रथोत्सवाचे चित्र काढते आहे. तिला काय सांगावे?
— एक कलाशिक्षक, जळगाव

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीने चित्र नीट पाहिले आहे, हे आधी तिला सांगावे. शागाल यांच्या घरी यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा, बोलली जात असे. दारोदार फिरणाऱ्या भिक्षेकऱ्याविषयी किंवा फेरीवाल्याविषयी त्या भाषेत ‘तो घरांवरून चालला आहे’ असे म्हणतात. शागाल यांनी हा वाक्प्रचार शब्दशः घेतला आणि त्या माणसाला खरोखरच छपरांच्या वर नेले. ‘उंबरठे झिजवणे’ ऐकून आपल्याकडच्या एखाद्या चित्रकाराने झिजून खोलगट झालेला उंबरठाच रंगवावा, तसे हे आहे. म्हणजे या चित्राचे ज्यूपण एखाद्या धार्मिक चिन्हात शोधण्यापेक्षा भाषेत शोधावे लागते.

काळही ध्यानात घ्यायला हवा. शागाल यांचा जन्म 1887 सालचा, ज्यू धर्मातील हसिदी ही भक्तिपर परंपरा पाळणाऱ्या कुटुंबातला. वडील हेरिंग माशांच्या वखारीत कष्टाचे काम करीत. विटेब्स्क आज बेलारूसमध्ये आहे. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते आणि तेथील जवळजवळ निम्मी वस्ती ज्यूंची होती. 1914 साली शागाल पॅरिसहून थोड्या दिवसांसाठी गावी आले आणि पहिले महायुद्ध सुरू झाल्याने तेथेच अडकले. त्याच काळात रशियन सैन्य आघाडीलगतच्या प्रदेशांतून ज्यूंना हाकलून देत होते, आणि बोचकी घेतलेली बेघर माणसे शहरांच्या रस्त्यांवर दिसू लागली होती. हे कळल्यावर त्या म्हाताऱ्याची झोळी मला फार जड वाटू लागते. ज्याला जमिनीवर जागा उरली नाही, तो आकाशातून चालणार नाही तर काय करणार?

त्याच वर्षीचे ‘प्रार्थना करणारा ज्यू’ हे चित्र शेजारी ठेवून दाखवावे. त्यासाठी शागाल यांनी एका वृद्ध भिकाऱ्याला घरात बोलावले, आपल्या वडिलांची प्रार्थनेची शाल त्याच्या अंगावर घातली, आणि धर्मवचने ठेवलेल्या लहान काळ्या पेट्या, ज्या प्रार्थनेच्या वेळी कपाळाला व हाताला बांधतात, त्याही त्याला दिल्या. रस्त्यावरचा याचक आणि वडिलांची श्रद्धा अशी एकाच देहात आली. माझ्या मते शागाल यांच्या श्रद्धेचा गाभा येथेच सापडतो, त्यांच्या नंतरच्या उडणाऱ्या प्रेमिकांच्या अधिक लोकप्रिय चित्रांपेक्षाही स्पष्टपणे.

चर्चविषयी एवढेच, की ते त्या रस्त्यावर होते. शागाल यांनी शेजाऱ्याचे देवालय आपल्या चित्रातून पुसले नाही.

आता आपल्या रथाविषयी. कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ जुन्या जळगावातून निघतो आणि भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो. तेथे फुलांची चादर चढवली जाते. विद्यार्थिनीने फुलांनी सजलेला उंच रथ कागदाच्या मधोमध काढायचे ठरवले असेल, तर तिला अडवू नये. पण आधी एकदा त्या अरुंद रस्त्यांतून चालून यायला सांगावे. चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, सरकवून एवढा अवजड रथ वळवणाऱ्या आणि थांबवणाऱ्या माणसांचे वाकलेले खांदे, चाकावर खिळलेली त्यांची नजर, दर्ग्यापाशी थबकलेली गर्दी, यांची रेखाटने तिने जागेवरच करावीत. घरी आजी रथाविषयी ज्या शब्दांत बोलते, ते अहिराणी शब्दही वहीच्या कडेला लिहून ठेवावेत. त्यांतल्या एखाद्या शब्दातून तिला आपले चित्र दिसू शकेल.