एलएलबीच्या सुरुवातीला कोणते विषय असतात? कॉन्ट्रॅक्ट शेवटच्या पंधरा दिवसांत गाइडवर निघतो का?

विषयांची यादी पटकन सांगतो. कॉन्ट्रॅक्ट, टॉर्ट (करार नसतानाही ज्यांची भरपाई मागता येते अशा दिवाणी चुका) आणि ग्राहक संरक्षण, फौजदारी कायदा, संविधान, फॅमिली लॉ, कामगार कायदे, लीगल लँग्वेज. पहिल्या दोन सेमिस्टरना यातलेच बहुतेक येतात.

मला लिहावंसं वाटलं ते तुमच्या दुसऱ्या वाक्यामुळे. "कॉन्ट्रॅक्ट हा इंग्रजांच्या काळचा कायदा, गाइड वाचून, केसची नावं पाठ करून शेवटच्या पंधरा दिवसांत निघेल ना?" पास व्हाल कदाचित. पण विषय येणार नाही, आणि पुढचे सहा-सात विषय त्याच्यावरच उभे आहेत. भागीदारी, मालविक्री, मालमत्ता हस्तांतरण, लवाद, कंपनी कायदा, सगळीकडे हाच पाया लागतो.

कॉन्ट्रॅक्टचा पहिला पेपर म्हणजे 1872 च्या कायद्याची कलमं 1 ते 75 आणि बहुतेक ठिकाणी त्याला जोडून 1963 चा स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट (कबूल केलेलं प्रत्यक्ष करून घेण्यासारखे उपाय देणारा कायदा). कागदावर हे फार नाही. गाइडमध्ये तेच चारशे पानांचं होतं आणि कलमाचे मूळ शब्द त्यात हरवतात. एकच कलम घेऊन दाखवतो.

कलम 4. बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टीपांशिवायचा कायद्याचा मूळ मजकूर, उघडा आणि पेन्सिल हातात घ्या. स्वीकृतीबद्दल तिथे दोन वेगळ्या वेळा दिल्या आहेत. प्रस्ताव देणारा बांधला जातो ते स्वीकारणाऱ्याने उत्तर अशा रीतीने पाठवलं की ते त्याच्या हातातून सुटलं, त्या क्षणी. स्वीकारणारा स्वतः बांधला जातो ते उत्तर समोरच्याला कळतं तेव्हा. या दोन वेळांखाली दोन वेगळ्या रेघा ओढा. मग लगेच कलम 5 वाचा, कारण प्रस्ताव किंवा स्वीकृती कधीपर्यंत मागे घेता येते ते या दोन रेघांवरच ठरतं.

आता नाशिकच्या व्यापाऱ्याने 1 जूनला नागपूरच्या व्यापाऱ्याला 50 क्विंटल कांद्याचा भाव पत्राने कळवला. पत्र 3 जूनला पोचलं. नागपूरवाल्याने 4 जूनला सकाळी होकाराचं पत्र पोस्टात टाकलं, ते नाशिकला पोचणार 7 जूनला. 5 जूनला नाशिकवाल्याने फोन करून "माझा भाव रद्द" म्हटलं तर उशीर झाला, तो 4 तारखेलाच बांधला गेला. पण त्याच 5 जूनला नागपूरवाल्याने फोन करून "माझा होकार रद्द" म्हटलं तर चालतं, कारण त्याच्या बाजूने 7 तारखेपर्यंत वेळ आहे.

गाइडमध्ये इथे हमखास लिहिलेलं असतं, "पत्र पोस्टात पडलं की करार झाला, दोघेही बांधले गेले." हा इंग्लंडचा नियम, 1818 च्या अ‍ॅडम्स विरुद्ध लिंडसेलमधून आलेला. आपल्या कलम 4 ने तो तसाच्या तसा घेतलेला नाही. तुम्ही गाइडमधलं वाक्य लिहिलंत की वरच्या कांद्याच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग चुकलाच. मुलं नेमकी इथेच मार्क घालवतात.

पत्राचं समजलं की पुढचा प्रश्न फोनचा. त्यासाठी भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल परशोत्तमदास, एआयआर 1966 सुप्रीम कोर्ट 543 (ऑल इंडिया रिपोर्टर या निकालसंग्रहातला पत्ता). नावाला घाबरू नका, गोष्ट आपल्या खामगावची आहे. 22 जुलै 1959 ला अहमदाबादचे व्यापारी आणि खामगावची केडिया जिनिंग फॅक्टरी यांच्यात ट्रंक कॉलवर सरकी पेंडेचा सौदा झाला. माल आला नाही असं म्हणत अहमदाबादकरांनी तिथल्या सिटी सिव्हिल कोर्टात 31,150 रुपयांचा दावा लावला. खामगावकरांचं म्हणणं असं की होकार आम्ही खामगावात दिला, माल द्यायचा खामगावात, पैसे मिळायचे खामगावात, मग अहमदाबादच्या कोर्टाचा संबंध काय? ट्रायल कोर्टाने यातली तथ्यं जवळपास त्यांच्याच बाजूची मानली. तरीही दावा चालवण्याचा अधिकार अहमदाबादचा धरला, आणि सुप्रीम कोर्टात दोन विरुद्ध एक मताने तो टिकला.

का टिकला, हे समजून घेण्यासाठी निकाल वाचायचा असतो. बहुमत म्हणालं, 1872 चा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टेलिफोन नव्हता. ग्रॅहम बेलचं पेटंटच 1876 चं. फोनवर दोघं जणू समोरासमोर बोलतात, त्यामुळे होकार जिथे ऐकू येतो तिथे करार होतो. करार अहमदाबादला झाला म्हणून दाव्याच्या कारणाचा एक भाग तिथे घडला, आणि दावा कुठे लावायचा ते सांगणाऱ्या सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम 20 ला तेवढं पुरतं. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचं मत वेगळं पडलं. ते म्हणाले, कलमाचे शब्द स्पष्ट आहेत. खामगावात रिसीव्हरमध्ये शब्द उच्चारले की ते बोलणाऱ्याच्या हातातून सुटले, म्हणून करार खामगावात झाला. हिदायतुल्ला नागपूरला वकिली केलेले, सुप्रीम कोर्टात येण्याआधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश.

"फोनवर करार: ऐकणाऱ्याच्या ठिकाणी" एवढी एक ओळ पाठ करायला सांगणाऱ्या शिक्षकांशी माझा वाद जुना आहे आणि तो मी सोडणार नाही. त्यांचं म्हणणं, पहिल्या वर्षाच्या मुलाला भिन्नमत कशाला? मला विचाराल तर पहिल्याच वर्षी हवं. त्या दोन मतांत कलम 4 चा एकेक शब्द ओढूनताणून तपासलेला आहे. कायद्याचा शब्द आधी धरायचा की त्यामागचा हेतू, हा प्रश्न पुढे इंटरप्रिटेशनच्या पेपरला थिअरी म्हणून येतो. इथे तो सरकी पेंडेच्या सौद्यात दिसतो.

कांद्याच्या सौद्यासारखा प्रसंग देऊन विचारलेल्या प्रॉब्लेमचं उत्तर लिहिताना क्रम असा ठेवा. पहिल्या दोन ओळींत प्रश्न नेमका काय तो. मग कलमाचे शब्द, तोडून. मग दिलेल्या प्रॉब्लेममधली तारीख, ठिकाण, शब्द त्या तुकड्यांना लावा. निम्मं उत्तर इथे खर्च करा. केसची हकीकत चार ओळींत. शेवटी निष्कर्ष. बहुतेक उत्तरपत्रिकांत उलटं असतं, केसची गोष्ट दोन पानं आणि प्रॉब्लेममधल्या माणसांचं नावही नाही.

मराठीत लिहिणार असाल तर एक जपा. बोलताना आपण अ‍ॅग्रीमेंटलाही करार म्हणतो आणि कॉन्ट्रॅक्टलाही. कलम 2 मध्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कायद्याने अंमलात आणता येतं तेच कॉन्ट्रॅक्ट. पेपरात करार आणि संविदा हे दोन शब्द वेगळे ठेवा, नाहीतर "प्रत्येक करार संविदा नसतो" हा नेहमीचा प्रश्न लिहिताच येणार नाही.

आता बाकीचं. विषयांचा क्रम विद्यापीठागणिक बदलतो, स्वतःचा सिलॅबस बघा. पाच वर्षांच्या कोर्सला सुरुवातीला राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असे विषय बरेच असतात. टॉर्टला एकच असा कायदा नाही, तिथे केसच वाचाव्या लागतात, त्यामुळे बेअर अ‍ॅक्टचा माझा आग्रह तिथे चालणार नाही. सेकंडहँड पुस्तकं घेताना सांभाळा: 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या (भारतीय दंड संहितेच्या) जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमं 511 ची 358 झाली, खुनाच्या शिक्षेचं 302 आता 103 आहे. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना मात्र जुनाच कायदा लागतो. ग्राहक संरक्षणाचं 1986 चं पुस्तक कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका, 2019 चा कायदा पाहिजे. कॉन्ट्रॅक्टची जुनी पुस्तकं बिनधास्त घ्या, फक्त स्पेसिफिक रिलीफ 2018 च्या दुरुस्तीनंतरचं असू द्या.

पंधरा दिवसच हातात असतील तर गाइड बाजूला ठेवून कलम 2 ते 30 आणि 73 ते 75 बेअर अ‍ॅक्टमधून वाचा, कलमांखालच्या उदाहरणांसकट. रोज दोन-तीन कलमं होतात. इंडिया कोडच्या साइटवर तो फुकट मिळतो.