कारण वेगळं, परवाना वेगळा

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, रात्र

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दाम लिहीत नाही. हे पत्र तू मैत्रिणींना दाखवशील, हे मला ठाऊक आहे.

काल संध्याकाळी तू ओट्यावर बसलीस आणि चहा गार झाला तरी बोलत राहिलीस. साखरपुडा झालाय, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरलाय, आणि तो मुलगा रोज रात्री एक रील पाठवतो. पुरुषाची घडणच अनेकींसाठी झालेली, बाई फक्त कमावता नर हेरते, हे सगळं उत्क्रांतीनं ठरवलेलं, ‘हे सायन्स आहे.’ आधी तू भांडलीस, मग गप्प झालीस. काल मला विचारलंस, “सर, मग माझ्या मनात येतं ते माझं की माकडाचं?”

मी उत्तर दिलं नाही. उठून कढीपत्त्याला पाणी घालत राहिलो. तुला वाटलं असेल, सरांना प्रश्न आवडला नाही. तसं नव्हतं. हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बाईनं मला विचारला होता आणि तेव्हा मी फार सफाईदार उत्तर दिलं होतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी तुझ्या वडिलांच्या बागेबद्दल. परवाच गोडी छाटणी उरकली म्हणालीस. द्राक्षवेल मूळची थंड मुलखातली. तिकडे हिवाळ्यात ती पानं गाळून झोपते आणि वसंतात एकदाच फुटते. दिंडोरीत तिला तशी झोप मिळत नाही. म्हणून आपल्याकडे नव्या काड्यांसाठी एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि फळासाठी ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, अशी वर्षातून दोनदा कात्री चालते. वेलीचा स्वभाव कुठून आला हे तुझ्या वडिलांना पक्कं ठाऊक आहे. पण ‘वेलीचा स्वभावच असा’ म्हणून ते हातावर हात ठेवून बसले का? एकच औषध सारखं मारलं की डाऊनी रोगाची बुरशी त्याला दाद देईनाशी होते, कारण जी मरत नाही तिचीच पिलावळ वाढते. ही उत्क्रांती तुझ्या बागेत, तुझ्या डोळ्यांदेखत चालू आहे. ती समजली म्हणून वडील औषध आलटूनपालटून मारतात. बाग बुरशीच्या स्वाधीन करत नाहीत.

कारण वेगळं, परवाना वेगळा. एवढं एकच वाक्य मी तुला शंभर वेळा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

आई म्हणते ना, ‘आपल्या घराण्यात शुगर रक्तातच आहे’? खोटं नाही ते. जेम्स नील या आनुवंशिकीच्या अभ्यासकानं 1962 साली काटकसरी जनुकाची कल्पना मांडली : दुष्काळ सोसलेल्या शरीराला प्रत्येक घास साठवायची सवय लागली आणि सुकाळात तीच अंगावर आली. पुढे त्यानं स्वतःच त्या कल्पनेत दुरुस्त्या केल्या, आणि पुण्याच्या मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिकांनी तर जन्माच्याही आधीचा काळ तपासला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं किरकोळ, पण त्या मानानं अंगावर चरबी फारशी कमी नाही. दिसायला बारीक, आतून चरबीदार. पोटातल्या बाळाचं पोषण कसं होतं, यावर पुढचा मधुमेह बराचसा ठरतो. आता हे वाचून ‘रक्तातच आहे, मग पथ्य कशाला’ म्हणायचं, की आईला उद्यापासून जेवल्यावर चालायला न्यायचं? उत्तर तुला येतं. मग शरीराच्या बाबतीत जे येतं ते नात्याच्या बाबतीत का विसरतेस?

मला थोडा रागही आला होता काल. तू एमएस्सी झालेली मुलगी. रीलमध्ये ‘संशोधन सांगतं’ म्हटल्यावर कोणतं संशोधन, कोणावर केलेलं, मोजलं कोणाला आणि मोजायचं राहिलं कोण, हे तू एकदाही विचारलं नाहीस?

राग माझ्यावरही आहे. अँगस बेटमननं 1948 साली फळमाश्यांवर केलेला प्रयोग मी प्राणिशास्त्राच्या वर्गात एकतीस वर्षं शिकवला. नराला जितक्या माद्या जास्त तितकी पिल्लं जास्त, मादीला त्याचा फारसा उपयोग नाही, म्हणून नर उतावळा आणि मादी चोखंदळ. फळ्यावर दोन रेषा काढायच्या, एक चढती, एक आडवी. मुलं पटापट उतरवून घ्यायची. बेटमनकडे तेव्हा डीएनए चाचणी नव्हती, म्हणून आईबाप ओळखायला त्यानं वाकड्या पंखांच्या, बारीक डोळ्यांच्या, अशा खुणेच्या माश्या घेतल्या. पिल्लात दोन्हीकडच्या खुणा दिसल्या की आईबाप सापडले. पण दोन्ही खुणा अंगावर आलेली कितीतरी पिल्लं मोजणीपर्यंत जगतच नव्हती. पॅट्रिशिया गोवाटी ही जीवशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी जुने आकडे पुन्हा मांडले, तर बापांच्या नावावर आयांपेक्षा जास्त पिल्लं निघाली. प्रत्येक पिल्लाला एक आई आणि एक बाप असतो. ही बेरीज जुळणं शक्यच नाही. 2012 साली त्यांनी प्रयोग तसाच करून पाहिला आणि त्या पद्धतीतून तो निष्कर्ष निघत नाही हे छापलं. नर-मादीत फरक नसतात, असं यातून ठरत नाही, ते असतातच. पण ज्या पायावर मी एकतीस वर्षं दोन रेषा काढल्या तो पाया कच्चा होता, आणि मी एकदाही खाली वाकून पाहिलं नाही.

आता ताईबद्दल.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एका पावसाळ्यात दोन पोरं घेऊन आमच्या पंचवटीतल्या घरी आली. दाजींचं बाहेर चालू होतं, लपवतही नव्हते. रात्री स्वयंपाकघरात तिनं मला विचारलं, “तू प्राणी शिकवतोस ना? माणूस असा का वागतो रे?” आणि मी, नवा नवा प्राध्यापक, तिला नराचा स्वभाव समजावला. वानरांच्या टोळीचं उदाहरण दिलं. म्हणालो, ताई, निसर्गच आहे तो, मनाला लावून घेऊ नकोस. तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पोरं घेऊन परत गेली. तीन वर्षांनी तिनं घर सोडलं, शिलाईचं मशीन घेतलं आणि पोरं शिकवली. त्या सगळ्या काळात ती माझ्याशी कामापुरतंच बोलत असे.

तू म्हणशील, सर, तुम्हाला तरी काय माहीत होतं. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगितलं. कॉलेजात परदेशी नियतकालिकं दोन-दोन वर्षं उशिरा यायची, अर्धी यायचीच नाहीत. सेरा हर्डी नावाची अमेरिकन संशोधक बाई अबूच्या डोंगरावर वानरांच्या मागे फिरत होती आणि 1970 च्या दशकातच लिहीत होती की मादी मुकाट बसलेली नसते. नवा नर आधीच्याची पिल्लं मारतो, तर मादी अनेक नरांशी संग करून बाप कोण याचा घोळ घालते आणि पिल्लू वाचवते. मी जे उदाहरण ताईला दिलं, त्यातली मादी मी पाहिलीच नव्हती. हे मला कळायला फार वर्षं लागली. त्यात माझा दोष किती, कॉलेजच्या ग्रंथालयाचा किती, याचा हिशेब मी पुष्कळदा मांडलाय आणि दर वेळी माझ्या बाजूनं थोडा सोडवून घेतलाय. पण पुस्तकं नसली तरी ताई समोर बसली होती. तिनं कारण विचारलं होतं. मी दाजींना परवाना देऊन बसलो.

म्हणून हे शिकवणं सोडून द्यावं, असं मात्र मला कधी वाटलं नाही, आणि तूही उत्क्रांतीचं नाव टाकू नकोस. त्या रीलवाल्यांच्या हाती ती सोपवायची की काय? तिच्यात काय काय आहे बघ. टांझानियातल्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाड्झा लोकांत म्हाताऱ्या बायका दिवसभर कंद खणतात. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि तिच्या सहकाऱ्यांना दिसलं की आई नव्या बाळात गुंतली की मधल्या पोराची वाढ आजीच्या कष्टावर अवलंबून असते. माणसाचं पोर वाढवणं एकट्या आईच्या आवाक्यातलं नाही. आज्या, मावश्या, बाप, थोरली भावंडं असा सगळा गोतावळा लागतो. आपलं मन अशा घरात घडलंय. त्यात हाव आहे, मत्सर आहे, आणि दुसऱ्याचं पोर कडेवर घेणंही आहे. तुझ्या मनात येतं ते माकडाचं की तुझं, विचारलंस. येतं ते फार जुन्या ठिकाणाहून येतं. ठेवायचं काय आणि छाटायचं काय, ते तुझं. छाटणी तुला मी शिकवायला नको.

लग्न कर किंवा मोड, हे मी सांगणार नाही. त्याला एकदा समोर बसव, फोनवर नको, आणि शांतपणे विचार : तू मला कारण सांगतोयस की माझ्याकडे परवाना मागतोयस? उत्तर देताना तो तुझ्याकडे बघतो की फोनकडे, तेही पाहा. चिडला तर चिडू दे. खरोखर गोंधळलेला असेल, तर त्याला माझ्याकडे घेऊन ये. बेटमनची बेरीज मी त्यालाही मांडून दाखवीन.

पत्र पाकिटात घालण्याआधी ताईला वाचायला दिलं. ती दोन दिवसांसाठी पिंपळगावहून आली आहे. चष्मा लावून सावकाश वाचलं. एका जागी मी ‘तीन वर्षांनी तिचा संसार मोडला’ असं लिहिलं होतं. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, ते शब्द खोडले आणि वर लिहिलं : ‘तिनं घर सोडलं.’ वर तू जे वाचलंस ते अक्षर तिचं आहे.

तुझा,
सर