लघवीची घाई आणि मनाची धास्ती

प्रश्न : मी 47 वर्षांची शिक्षिका आहे. दीड वर्षापासून मला दर पाऊण तासाने लघवीला जावे लागते आणि रात्री तीनदा उठावे लागते. लघवीची तपासणी व सोनोग्राफी झाली, पण दोष निघाला नाही. एसटीचा प्रवास आणि लग्नकार्ये मी टाळते. झोप होत नाही, कशातच मन लागत नाही. घरचे म्हणतात, हे सगळे मनाचे खेळ आहेत. खरे आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तपासणीत दोष निघाला नाही याचा अर्थ त्रास खोटा आहे असा होत नाही. मूत्राशय भरत आल्याची खबर मेंदूकडे जाते आणि ‘आत्ता नको, थोडे थांब’ हा आदेश मेंदूच्या पुढच्या भागातून येतो. भीती, काळजी आणि झोप यांचे नियमनही मेंदूतल्या याच जाळ्याशी जोडलेले असल्याने, मन सतत धास्तावलेले असेल तर मूत्राशय अर्धेही भरलेले नसताना घाई जाणवू शकते. परीक्षेच्या दालनाबाहेर मुलांची स्वच्छतागृहाकडे जी धावपळ होते, ती आपण दरवर्षी पाहतच असाल.

मात्र हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. लघवीच्या धाकाने माणूस घराबाहेर पडेनासा होतो, रात्रीची झोप तुटते आणि उदासीनता वाढते; ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांना ही दुसरी बाजू दिसत नाही. शिवाय आपल्या वयात रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होऊन मूत्रमार्ग नाजूक होतो, त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवावे आणि रक्तातील साखर तपासली नसल्यास तीही तपासावी. लघवीतून रक्त येणे, ताप, पायांत अशक्तपणा किंवा जांघेत बधिरपणा असेल, तर मात्र थांबू नये.

तीन दिवस वहीत वेळ, लघवीचे प्रमाण आणि चहा-पाणी यांची नोंद ठेवा. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलीटर लघवी मावते आणि दिवसाला सात-आठ वेळा जाणे नेहमीचे समजले जाते. दर वेळी शंभरच मिलिलीटर होत असेल, तर तो आकडा डॉक्टरांना बरेच सांगून जाईल. घरातून निघताना ‘असावे म्हणून’ जाऊन येण्याची सवय मूत्राशयाला थोड्याशा भरण्याचीही घाई शिकवते, म्हणून दोन वेळांमधले अंतर दर आठवड्याला 15 मिनिटांनी वाढवावे आणि कळ आली की स्वस्थ उभे राहून ओटीपोटाखालचे स्नायू आवळावेत. पाणी तोडू नका, कारण गडद लघवी मूत्राशयाला अधिक टोचते (शाळेतील स्वच्छतागृहांच्या अवस्थेमुळे अनेक शिक्षिका नेमके हेच करतात). चहा मात्र कमी करावा.

मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. नैराश्यावरील अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारखी काही जुनी औषधे लघवी तुंबवू शकतात, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवावी. तोवर कोणाशी तरी बोलावेसे वाटले, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.