हरकत घ्यायची तर ओळीवर घ्या

कोपरखैरणेच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीच्या गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र बसतंय, कमिटी म्हणते आता ठरलं. तिकडे सरकारही डिजिटल कायद्यांचे मसुदे काढून 'सूचना पाठवा' म्हणतं. आपल्यासारख्यांनी लिहून काही होतं का, की सगळा देखावाच?

ताई, होतं. पण आपण बहुतेक जण जसं लिहितो तसं लिहून होत नाही. मी दोन्हीकडे हात पोळून घेतलेत, म्हणून जरा लांबण लावतो.

ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, विकास आराखड्यातली रस्त्याची रेषा आपल्या इमारतीवरून गेली की कोणी काही शिकवावं लागत नाही. सर्व्हे नंबर टाकून हरकत लिहिली जाते, पोचपावतीवर शिक्का घेतला जातो, सुनावणीला वीस जण रजा टाकून जाऊन बसतात. 1966 च्या नगररचना कायद्यानेच हा टप्पा ठेवलाय. चौकातला कॅमेरा किंवा तक्रारीचं ॲप मात्र थेट निविदेतून येतं. मध्ये हरकती-सूचना नाहीत, सुनावणी नाही. त्यात नवी मुंबईत 2020 पासून आणि ठाण्यात 2022 पासून प्रशासकांचा कारभार होता. जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत सभागृहात उठून 'हे चित्रण किती दिवस ठेवणार?' असं विचारायला नगरसेवकच नव्हता. आता आहेत, तेही बहुतेक प्रभागांत चार-चार. विचारा त्यांना.

आता दिल्लीचं. 2015 सालचं आठवत असेल. मोबाइल कंपन्यांना इंटरनेटवरच्या काही सेवांसाठी वेगळे पैसे घ्यायचे होते, दूरसंचार क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने लोकांची मतं मागवली आणि दहा लाखांवर ईमेल गेले. सगळ्यांच्या लक्षात राहतो तो हा आकडा. मला जास्त शिकवून गेला तो त्याच वर्षीच्या डिसेंबरातला दुसरा अंक. वेगवेगळ्या साइटना वेगवेगळे दर लावावेत का, यावर ट्रायने चार प्रश्न विचारले होते. मोजक्याच साइट फुकट देणाऱ्या आपल्या 'फ्री बेसिक्स' योजनेसाठी फेसबुकने वापरकर्त्यांकडून लाखो तयार संदेश पाठवून घेतले. त्या संदेशांत त्या चार प्रश्नांचं उत्तरच नव्हतं, आणि ट्रायने तसं कंपनीला कळवलं. 8 फेब्रुवारी 2016 ला नियम आला तो असे वेगळे दर बंद करणारा. म्हणजे लाखांची रास एकीकडे नि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे. नुसत्या राशीवर भागलं नाही.

मी स्वतः लिहायला बसलो ते 2025 मध्ये. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 चा, त्याच्या नियमांचा मसुदा 3 जानेवारी 2025 ला आला. 22 नियम, आणि सरकारच्या मायगव्ह साइटवर नियमवार सूचना द्यायच्या. माझी पहिली सूचना होती: 'सामान्य नागरिकाच्या माहितीची सुरक्षितता जपली जावी.' पुतण्याने वाचलं आणि म्हणाला, "काका, हे कोण नाकारेल? आणि हे वाचून तो अधिकारी करेल काय?" बरोबर होतं पोराचं. अधिकारी मान डोलावेल आणि पुढचा कागद घेईल. मग आम्ही एक नियम धरला, मुलांसाठी पालकांची संमती कशी पडताळायची तो, आणि एवढंच लिहिलं: ज्या घरात एकच फोन आहे आणि तो मुलाच्याच हातात असतो, तिथे हे कसं चालेल, इथे अमुक वाक्य घाला. तीन रविवार गेले त्यात.

पुढे काय झालं? नोव्हेंबर 2025 मध्ये नियम अंतिम झाले. सरकारने सांगितलं, 6,915 सूचना आल्या. अख्ख्या देशातून! आमच्या घोडबंदर रोडवर दोन-तीन कॉम्प्लेक्समध्ये मिळून एवढी माणसं राहतात. माझं वाक्य अंतिम नियमांत दिसलं नाही. कोणाचं दिसलं, हेही ताडून पाहता येत नाही, कारण आलेल्या सूचना कोणालाही उघड करणार नाही, असं आधीच जाहीर केलेलं होतं. ट्राय उलट करतं: सगळ्यांची मतं साइटवर, त्यावर दुसऱ्यांनी काढलेले प्रतिवादही साइटवर, नंतर खुली चर्चा. मोबाइल कंपनीने तुमच्या मुद्द्यावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचू शकता. माझी खरी तक्रार इथे आहे. ऐकलं नाही तर चालेल एक वेळ, पण कोणाचं ऐकलं ते तरी दिसू दे. आणि हे मागणं आपण मसुद्यावरच्या सूचनेतच लिहायला हवं होतं. मला ते मुदत संपल्यावर सुचलं.

आता तुमचं गेट. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी बोटाचे ठसे घेणारं यंत्र बसलं. कमिटीतले एक जण आयटीत आहेत, त्यांनी सादरीकरण केलं, टाळ्या झाल्या. पहिल्याच सोमवारी सकाळी सातला गेटवर चौदा कामवाल्या मावशींची रांग. यंत्र लाल दिवा दाखवतंय, वॉचमन म्हणतोय, "पुन्हा लावा, पुसून लावा." भांड्यांच्या साबणाने आणि फरशीच्या ॲसिडने त्या बायकांच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. आमच्याकडे येणाऱ्या मावशी पदराला अंगठा घासत म्हणाल्या, "रेशनच्या मशीनवर पण माझं असंच होतं दादा." सभेला बसलेल्या शंभर जणांपैकी कोणालाही हे माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्या सभासद नव्हत्या, त्यांना बोलावलंच नव्हतं. चेहऱ्याच्या यंत्राचंही तेच होणार. तुमच्या आधी मावशी, डिलिव्हरीवाली पोरं आणि रात्रपाळीचा वॉचमन त्याच्यासमोर उभे राहणार आहेत. आधी त्यांच्याशी बोला, नुसतं मत घेऊ नका, अडचण काय येते ते लिहून घ्या.

मग सभा. कमिटी 'ठरलं' म्हणते ते कुठल्या ठरावाने, ते इतिवृत्तात बघा. सापडला नाही, तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सर्वसाधारण सभा मागता येते आणि कमिटीला ती महिन्याच्या आत बोलवावी लागते. आमच्या 240 फ्लॅटना 48 सह्या लागत होत्या, 53 झाल्या. दोन तर त्या टाळ्या वाजवणाऱ्यांच्याच. सभेत 'यंत्र नको' असं म्हटलं असतं तर हरलो असतो. गेल्या वर्षी दोन सायकली चोरीला गेल्या होत्या आणि लोकांना भीती खरीच होती. आम्ही ठरावात ओळी घातल्या: ठसा न देणाऱ्याला कार्ड किंवा वही चालेल, काम सोडलेल्या माणसाची माहिती 30 दिवसांत पुसायची आणि पुसल्याचं कंपनीकडून लेखी घ्यायचं, गेटवर आधारची झेरॉक्स कोणी मागायची नाही. मंजूर झालं. शेवटची ओळ पाळून घ्यायला मात्र चार महिने लागले. नवीन वॉचमन आला की पुन्हा झेरॉक्स.

कायद्याचा आधार हवा असेल तर एक गोष्ट सांगतो. त्या 2023 च्या कायद्यात, संमती घेताना दिली जाणारी सूचना, म्हणजे नोटीस, इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याची सोय ठेवावी लागते. म्हणजे मराठीतही. हे बंधन मे 2027 पासून लागू होतंय. कमिटीला आत्ताच सांगा, कंपनीकडून मराठी सूचनापत्र घ्या; उद्या घ्यावंच लागेल.

रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांसाठी माहिती अधिकार वापरा. आपल्या राज्यात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांत लागतो, त्यामुळे भाषण नको. निविदेतल्या 'चित्रण जतन कालावधी' आणि 'कंत्राटदाराचा ताबा' या अटींच्या प्रती मागा, बस. दहा रुपये, 30 दिवस. हातात अट आली की नगरसेवकाकडे जायला विषय मिळतो.

तुमची सभा कधी आहे ते कळवा. आमच्या ठरावाचा मसुदा इथेच टाकतो, फ्लॅटची संख्या तेवढी बदलून घ्या.